कूलरचा मांजरपाटी सदरा

माझ्या नातवंडांना वाटतं, आजीला यंत्रांतलं सगळं कळतं. मिक्सर बिघडला की उचलून माझ्याकडे आणतात. मीही चष्मा लावून, मान हलवून तो खालून-वरून पाहते. याच अकलेच्या जोरावर ऐन तिशीत मी काय दिवे लावले होते, ते त्यांना कधी सांगितलं नाही. इथं लिहायला हरकत नाही. मराठी वाचायचा त्यांना कंटाळा आहे.

तेव्हा आम्ही धुळ्याला राहत होतो. आमचे हे कचेरीत कारकून, पण जीव सगळा घराच्या मागच्या खोलीतल्या सुतारकामात. संध्याकाळी आले की शर्ट खुंटीला आणि हात रंध्याला. पाट, चौरंग, पोळपाट करून झाले होते आणि त्या वर्षी मोठा सागवानी देव्हारा करायला घेतला होता. खोलीला एक खिडकी आणि समोर स्वयंपाकघरात उघडणारं दार. काचपेपर घासायला लागले की अशी धूळ तरंगायची, की आत गेलेला माणूस पावडर लावून बाहेर यायचा. मला त्याचं हसू यायचं.

मग खोकला लागला. फाल्गुनात लागलेला चैत्र आला तरी थांबेना. डॉक्टरांनी छाती तपासून स्पष्टच सांगितलं, की आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की परत दाखवा. तोवर त्या खोलीतली हवा सुधारली नाही तर लाकूडकाम कायमचं बंद. घरी येऊन यांनी रंधा हातात घेतला, फडक्यानं पुसला आणि परत ठेवून दिला. लग्नाला दहा वर्षं झाली होती, पण हातात घेतलेला रंधा न चालवता ठेवताना या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही पंख्यांच्या दुकानात गेलो. हवा गाळायचं यंत्र द्या म्हटल्यावर दुकानदारानं आमच्याकडे पाहून घेतलं. असलं काही त्यानं ऐकलं नव्हतं. त्याच्याकडे भिंतीत बसवायचा एक्झॉस्ट पंखा होता आणि पत्र्याचे कूलर होते. यांचा कल पंख्याकडे. मी मात्र खानदेशची लेक. चैत्र लागला की ताप, घामोळं, पाहुणा आणि रुसवा, सगळ्यांवर आमच्याकडे एकच औषध, कूलर. शिवाय माझी एक परीक्षा होती, जिचा मला फार अभिमान होता. प्रत्येक यंत्रासमोर उभं राहायचं आणि पदर किती उडतो ते पाहायचं. एक्झॉस्ट पंख्यापुढे पदर हललासुद्धा नाही. तो नापास. सगळ्यात मोठ्या कूलरपुढे पदर उडून शेजारच्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर गेला.

"हाच," मी म्हणाले.

"अगं, आपल्याला धूळ काढायची आहे. तुला उडवायचं नाही."

मी ऐकते कुठे? एवढ्या वाऱ्यापुढे धूळ टिकेल का, आणि ओल्या गवतातून हवा गाळूनच तर येते, असं मी दुकानदाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं समजावलं. हे खोकत होते, त्यामुळे वादात मीच जिंकले.

कूलर रीतीप्रमाणे खिडकीला बाहेरून बसवला. ज्या दिवशी बसवला त्याच दिवशी आमच्याकडे उडदाचे पापड होते. गल्लीतल्या बाया रोज एका घरी जमायच्या, आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन. ओसरीवर लाटणं चाललेलं, अंगणात बाजांवर पापड पसरलेले. एवढ्या बाया आयत्या जमल्यात तर आपली खरेदी दाखवावी, म्हणून मी सगळी दारं उघडली आणि कूलरचं बटण दाबलं.

मागच्या खोलीत कित्येक महिन्यांचा भुसा साठलेला. तो उठला, स्वयंपाकघर ओलांडून ओसरीवर आला आणि तिथून अंगणात, सगळ्या बाजांवर सारखा बसला. सासूबाईंच्या हातातली लाटी तशीच राहिली. त्यांची बोली अहिराणी, आणि रागावल्या की ती फार गोड व्हायची.

"पह्यले तुना नवरालेच खोकला व्हता, माय," त्या अंगणभर हात फिरवत म्हणाल्या. "आते बठ्ठी गल्लीले व्हयी."

मग बायांना कंठ फुटला. हे सागवानी पापड तळायचे की पॉलिश करायचे, असं एकीनं विचारलं, आणि पुढचे दोन महिने मी नळावर गेले की तेच. शिवाय त्या ओल्या हवेनं देव्हाऱ्याचे कप्पे फुगून जाम झाले आणि यांचा खोकला वाढला. यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

आखाजीला मी जळगावला माहेरी गेले. बहिणी झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि मी तोंड पाडून बसले होते. डॉक्टरांचा दिवस जवळ आला होता. धाकटा भाऊ डाळ मिलमध्ये कामाला. दुपारी त्याचा डबा घेऊन मीच गेले. तिथं छताला उंच कापडी पिशव्या टांगलेल्या होत्या, जेवण झालेल्या जावयासारख्या टम्म. मी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, की डाळीची धूळ पंख्यानं त्यांत ढकलतात. हवा कापडातून निघून जाते, धूळ आत राहते. मग मी माझी कूलरची कथा सांगितली. तो हसता हसता खाली बसला.

"अक्का, वारा किती येतो ते नको पाहू," तो म्हणाला. "धूळ कुठं अडकते ते पाहा."

मी दोन दिवस आधीच धुळ्याला परतले. माहेरी भांडण झालं असणार, असं सासूबाईंनी धरून ठेवलं.

कूलर खिडकीवरून काढून आत खोलीत आणला. पाणी काढलं, गवत फेकलं आणि तिन्ही बाजूंना मांजरपाटाचं दुहेरी कापड शिवून खिळ्यांनी बसवलं. पहिल्या दिवशी खिळ्यांच्या मधल्या फटींतून धूळ शिरली, मग यांनी चारी कडांना लाकडी पट्ट्या ठोकल्या. तिसऱ्या दिवशी हे नाकाला उपरणं बांधून काचपेपर घासायला बसले आणि मी कूलरशी. तासाभरात पांढरं कापड सागवानाच्या रंगाचं झालं. मी कूलरच्या पुढून येणाऱ्या वाऱ्यात ओलं फडकं धरलं, ते पांढरंच राहिलं.

"कूलर लाकडाले, आनि आमले घाम," एवढंच सासूबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या.

खोकला उतरायला वेळ मिळावा म्हणून डॉक्टरांकडे जायला मी मुद्दाम पंधरा दिवस उशीर केला. त्यांनी बराच वेळ छाती ऐकली. पुढून ऐकली, मागून ऐकली. मग समाधानानं म्हणाले, "बरं केलंत, लाकूडकाम सोडलंत ते."

यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत, खोटं बोलू का, अशी सरळ विचारणा होती.

"सोडलेलं नाही, डॉक्टर," मी म्हणाले आणि मांजरपाटाची सगळी हकिगत सांगितली. पापडांची तेवढी गाळली.

त्यांना ते पटलं नाही. त्याच संध्याकाळी स्वतः घरी आले, कापडावर बोट फिरवून पाहिलं, कूलरला वळसा घातला. मग अर्धवट देव्हाऱ्यापाशी बराच वेळ उभे राहिले आणि जाताना हळूच विचारलं, त्यांच्या आईसाठी असा एक, पण जरा बुटका, होईल का. हे लगेच कानावरची पेन्सिल काढून मापं लिहायला लागले.