कच्च्या सुताचा करगोटा

देशासाठी मी तीन महिने तुरुंग भोगला, असं घरचे अजून पाहुण्यांना सांगतात. तिथे मी टकळीवर सूत कातत होतो हे मात्र सांगत नाहीत, कारण ते सूत त्यांनी पाहिलेलं आहे. माझा धागा एका जागी बोटाएवढा जाड, तर दुसऱ्या जागी फुंकर मारली की तुटणारा. गोंदियाच्या स्टेशनावर घोषणा देताना माझ्यासोबत पकडलेले तिघे म्हणायचे, "ह्या सुतानं स्वराज्य बांधलं, तं शिंकेनं सुटून जाईल."

आमचा तुरुंग म्हणजे तहसिलीच्या गावातली एक कौलारू बराक. जेलर हिंदी बोलणारा, अंगानं पहाड आणि मनानं ससा. आदल्या वर्षी तिथे एका कैद्यानं स्वतःचा जीव घेतला होता आणि वरून मोठी चौकशी आली होती. तेव्हापासून कैदी जगावेत म्हणून तो जिवाचं रान करी. कैद्यांवर माया होती असं नाही, पेन्शन जवळ आली होती.

अशात बोदलकशाकडच्या जंगलातला एक गोंड माणूस आला. घराच्या छपरासाठी राखीव जंगलातली लाकडाची बल्ली तोडली, म्हणून सहा महिन्यांची शिक्षा. आल्या आल्या भिंतीकडे तोंड करून बसला आणि म्हणाला, "मरतो मी आता."

जेलरला घाम फुटला. त्यानं लगेच बंदोबस्त केला. त्या माणसाजवळचं होतं नव्हतं ते काढून घेतलं. कमरेचा काळा करगोटासुद्धा शिपायानं कापून नेला. शिपायानं तासातासाला दारातून "जिंदा है क्या?" असं ओरडायचं आणि उत्तर आलं की पाटीवर रेघ मारायची. शिवाय दिवसभर त्याच्याजवळ एक शहाणा माणूस बसवायचा. शहाणा म्हणून मला बसवलं, यावरून बाकीच्यांची कल्पना यावी.

पहिल्याच दिवशी शिपाई ओरडला, "जिंदा है क्या?"

आतून उत्तर आलं, "नाही जी."

शिपाई पाटी घेऊन तसाच उभा. रेघ मारावी की मारू नये? तो जेलरकडे पळाला. जेलर म्हणाला, "बोला ना? तो जिंदा है. मारो लकीर." मी पोट धरून हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

कारण तो माणूस थट्टा करत नव्हता. त्यानं भाताला हात लावला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे पाहिले आणि माझी पाचावर धारण बसली. हा आपल्यासमोर बसल्या बसल्या जाणार, असं मला अगदी खरं वाटलं. पाटीवर रेघा मात्र छान ओळीनं वाढत होत्या.

"दादा, जेवत काऊन नाही?" मी विचारलं.

"मेलेला माणूस जेवते का?"

"बोलून तं राहिला ना माझ्यासंग!"

त्यानं रिकाम्या कमरेवर हात ठेवला. "करगोटा तोडला ना त्यायनं. कोणाचा तोडतेत गा करगोटा?"

आमच्याकडे लहानपणी कमरेला बांधलेला करगोटा तुटला तर लगेच दुसरा बांधतात. तो कायमचा काढतात एकदाच, प्रेताच्या कमरेवरून. माझ्याही कमरेला तो होता. मी मरेन अशी काळजी कोणालाच नसल्यानं कोणी कापला नव्हता. आम्ही त्याला वाचवायला म्हणून आधी मेलेला ठरवला होता.

मी जेलरकडे गेलो. तो ओरडला, "पागल हो? उसको धागा दूँ?" मी माझं सूत पुढे केलं. त्यानं दोन बोटांनी ओढलं, तुटलं. दुसरं ओढलं, तेही तुटलं. "वाह, बहुत बढ़िया!" तो म्हणाला. माझ्या सुताचं तेवढंच एक कौतुक झालं.

मी स्वतः त्याच्या कमरेला धागा बांधला. संध्याकाळी तो जेवला. सकाळी म्हणाला, "भाऊ, तुटला जी." मग रोज नवा धागा, आणि मी कातत असताना रोज गप्पा. घर उघडं पडलं आहे, पोरं पावसात भिजतील, हे त्याला खात होतं. त्याच्या मेहुण्याला मी पत्र लिहिलं आणि छपराचं काम झाल्याचा निरोप आला. घरी मासोळीची जाळी विणणाऱ्या त्या माणसाला पुढे माझं कातणं पाहवेना. "आण इकडे. असं कातते का कोणी?" म्हणून त्यानं टकळीच ओढून घेतली.

त्यानं कातून वळलेला करगोटा जेलरनं ओढला. तुटेना. दोन्ही हातांनी ओढला. तुटेना. जेलरचा चेहरा उतरला. "अब क्या करूँ?" हे त्यानं मला विचारलं, पण उत्तर त्या माणसानं दिलं.

"साहेब, मरायचं असल्यावर करगोटा कायले वळला असता जी?"

मी हिंदीत सांगितलं. पेन्शन विसरून जेलरनं तो करगोटा त्याच्या हातात दिला.

आठवड्यानं मी सुटलो. फाटकाजवळ सही करत होतो, तेव्हा मागून शिपायाची हाक आली, "जिंदा है क्या?"

माझा हात थांबला. आतून भरल्या तोंडानं आवाज आला, "हाव ना बे! जेवू दे ना."