न पाठवलेली रिकामी वाटी

माझी पहिली छापून आलेली गोष्ट मी घरमालकिणीच्या ओट्यावरून उचलली होती. उचलली म्हणजे चोरलीच. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, कोल्हारच्या शाळेत नुकती शिक्षिका म्हणून लागले होते आणि माणसं आपल्याइतकी कुणालाच कळत नाहीत अशी माझी पक्की समजूत होती.

माझी खोली दोन जावांच्या घरात होती. घर मुळात एकच, वाटणीनंतर मधे भिंत घातलेली. पुढच्या ओट्यावरही कमरेएवढी भिंत. अलीकडे थोरली जाऊ, म्हणजे माझी घरमालकीण, आणि पलीकडे धाकटी. दोघींना मी काकीच म्हणायचे. वाटणीत सासूचा पाटा कुणी घ्यायचा यावरून दोघींचं जे बिनसलं, ते नऊ वर्षं बिनसलेलंच होतं. एकमेकींशी अवाक्षर नाही. त्यांचे नवरे मात्र एकाच विहिरीवर पाळीने पाणी धरायचे आणि बाजाराच्या दिवशी स्टँडवर गुपचूप एकत्र चहा प्यायचे.

भांडण झालं त्या दिवशी थोरलीने सकाळीच पाठवलेली भाजीची वाटी धाकटीकडे होती. पितळेची, कल्हई केलेली, वर सासूबाईंचं नाव कोरलेलं. वाटी रिकामी परत करायची नाही हा आपल्याकडचा रिवाज. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. धाकटीने धुसफुसत का होईना, मेथीची भाजी घालून ती परत केली. आता वाटी सासूबाईंची, म्हणजे धड हिचीही नाही आणि तिचीही नाही. थोरलीला ती ठेवून घेता येईना. तिने आमटी घालून परत पाठवली. तेव्हापासून ती वाटी दर दोन-चार दिवसांनी भिंतीच्या या बाजूकडून त्या बाजूला जात होती. हे थांबवायचं तर कुणीतरी ती रिकामी पाठवायला हवी होती, आणि तो कमीपणा दोघींपैकी कुणीच घेणार नव्हतं.

आधी थोरलीच्या मुली ही ने-आण करत. त्या सासरी गेल्या आणि ही नोकरी माझ्याकडे आली. दोन्हीकडची चव आधी मला मिळायची, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती. वाटीबरोबर निरोपही न्यावे लागत. दोघी दोन हातांच्या अंतरावर उभ्या असायच्या, पण थोरली मला म्हणायची, "बाई, त्यास्नी सांगा, वांग्यात मीठ कमी हुतं." आणि धाकटी मलाच म्हणायची, "त्यास्नी सांगा, मीठ घरी हाय, वरून घ्यावं." मी मधे मान डोलावत उभी राहायचे आणि मनातल्या मनात सगळं टिपून घ्यायचे.

एकदा दिवाळीच्या आधी बसून मी त्याची गोष्ट लिहिली. हुशारी केली म्हणजे काय, तर गाव बदललं, पाट्याच्या जागी पितळेचं घंगाळ घातलं आणि थोरलीच्या नाकात एक नथ चढवली. बाकी सगळं जसंच्या तसं. तिचा अडकित्ता, बोलता बोलता पदराने ओटा झटकायची सवय, अगदी मीठसुद्धा. अडचण एकच होती. वाटी जात होती, येत होती, त्याला शेवटच नव्हता. आयुष्याने सगळं फुकट दिलं होतं, शेवट तेवढा दिला नव्हता. मग तो मी माझ्या पदरचा घातला: थोरली एके दिवशी वाटी घासूनपुसून रिकामीच परत पाठवते. लिहून झाल्यावर माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, इतकी मी स्वतःवर खूश होते.

गोष्ट नगरच्या एका छोट्या दिवाळी अंकात आली. दिवाळीनंतरच्या एका दुपारी गल्लीतल्या बायका थोरलीच्या ओट्यावर ज्वारी निवडत बसल्या होत्या. पलीकडच्या ओट्यावर धाकटी आपलं सूप घेऊन, तोंड रस्त्याकडे करून. मला राहवेना. मी अंक आणला आणि मोठ्याने वाचायला लागले. दुसऱ्याच परिच्छेदाला एक बाई म्हणाली, "ही तर आपली थोरली." मग सगळ्याच हसायला लागल्या, थोरलीही हसली, नथ ऐकून तर लाजलीच. मला वाटलं, जिंकलं आपण.

शेवट वाचला तसं थोरलीने सूप खाली ठेवलं.

"म्या कधी धाडली रिकामी वाटी?"

"काकी, ही गोष्ट आहे. खरं नाही ते."

"मग माजा अडकित्ता कशाला घेतला? माजा पदर कशाला घेतला? समदं माजं घेतलं, आन लबाडी तेवढी तुमची घातली."

मी अंक मिटला. आज इतकी वर्षं लिहितेय, अजूनही यावर मला उत्तर सुचलेलं नाही.

पुढे आणखी वाईट झालं. ज्यांनी गोष्ट ऐकली नव्हती त्यांच्यापर्यंत ती ऐकीव पोचली, आणि ऐकीव गोष्टीतून 'गोष्ट' हा भाग आधी गळतो. देवीच्या देवळात एका म्हातारीने थोरलीला तोंडावर विचारलं, "जावेला रिकामी वाटी धाडलीस म्हनं?" थोरली घरी आली ती न जेवता झोपली. आणि वाटी नेमकी तेव्हा तिच्याकडे होती. भरून पाठवावी तर लोक म्हणणार, अंकात आलं म्हणून घाबरली. न पाठवावी तर वाटीचं जाणं-येणं तिच्यामुळे थांबलं, म्हणजे मी लिहिलेलंच खरं ठरणार. आठ दिवस ती वाटी फडताळात पालथी पडून राहिली. मी रोज त्या वाटीकडे बघायचे. थोरली माझ्याशी बोलायची ते एवढंच, "बाई, दुसरी खोली बघा."

मला खोलीचं दुःख नव्हतं. मला ती बाई आवडायची. एकटी आले होते त्या गावात, पहिल्या तापात तिने माझं अंथरूण स्वतःच्या खोलीत नेलं होतं. तिचं नऊ वर्षांचं इमान मी एका वाक्यात घालवलं होतं, आणि ते वाक्य खोटं होतं हे सांगू शकणारी जगात एकच बाई होती. ती पलीकडे राहत होती आणि जावेशी बोलत नव्हती.

नवव्या दिवशी दुपारी बायका पुन्हा जमल्या. मी शाळेतून येत होते. धाकटी आपल्या ओट्यावर उभी होती. मला बघून म्हणाली, "बाई, त्यास्नी सांगा—" आणि मधेच थांबली. "ऱ्हाऊ द्या. तुमी नगा सांगू. तुमी काय बी सांगता."

मग ती भिंतीपाशी आली, दोन्ही हात भिंतीवर टेकले आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "नऊ वर्सांत माज्या घरी रिकामी वाटी आलेली न्हाई. तिखट आली. खारट आली. एकदा आमटीत केस बी आला. पन रिकामी कधी आली न्हाई."

 थोरली खाली मान घालून ज्वारी निवडत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "केस माजा नव्हता."

"मग काय माजा हुता?"

नऊ वर्षांनी दोघी एकमेकींशी बोलल्या त्या अशा. केसावरून भांडण संध्याकाळपर्यंत चाललं आणि ते ऐकायला आख्खी गल्ली थांबली. मी कोपऱ्यात उभी राहून रडत होते, कुणाचं लक्ष नव्हतं.

दिवेलागणीला थोरली माझ्या दारात आली. तिच्या हातात ती वाटी होती, रिकामी. ती तिने माझ्यापुढे ठेवली. "रिकामी तुमी केली, आता तुमीच भरा."

मला स्वयंपाक यायचा नाही. तरी दुसऱ्या दिवशी वातीच्या स्टोव्हवर शिरा केला. वरून गुठळ्या, खालून करपलेला. वाटी भरून थोरलीपुढे नेली. तिने एक घास खाल्ला. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ती नेहमीसारखी वाटी माझ्या हातात देऊन पलीकडे पाठवेल, म्हणून मी हात पुढे केला.

ती माझ्या हाताला बगल देऊन उठली, ओट्यावर गेली आणि भिंतीवरून वाटी पुढे धरून म्हणाली, "हे बघ गं, आपल्या बाईंनी काय केलंय." धाकटीने एक घास घेतला, तोंड वाकडं केलं, आणि मग दोघी भिंतीला धरून हसत सुटल्या. नऊ वर्षांत ती वाटी पहिल्यांदाच मधल्या हाताशिवाय पलीकडे गेली, आणि तिच्यात माझा करपलेला शिरा होता.