मीटरसमोरचे दळवीकाका

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये मी जुना ग्राइंडर घ्यायला गेले, तेव्हा दळवीकाकांना सोबत नेलं होतं. दुकानदाराने ग्राइंडर सुरू केला आणि काका त्याच्याकडे पाठ करून भिंतीवरच्या मीटरसमोर जाऊन उभे राहिले.

"अरे काका, मशीन इधर है!" दुकानदार ओरडला.

"मशीन तुम देखो. मैं उसका खाना देखता हूँ. और वो पंखा-बत्ती जरा बंद करो."

दुकानदाराने मुकाट्याने बटणं बंद केली. काका एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे, एकदा मीटरमधल्या फिरत्या चकतीकडे बघत राहिले. चकतीच्या कडेला काळी खूण असते. ती एकदा समोरून गेली की एक फेरी, आणि सहाशे फेऱ्या झाल्या की एक युनिट. हा आकडा मीटरवरच छापलेला होता. तीन मिनिटांनी काका वळले. "अकरा फेऱ्या. तासाला युनिटाचा तिसरा हिस्सा, वर थोडं. घे सुनंदा, परवडेल."

अंबरनाथच्या आमच्या चाळीत पाच खोल्या होत्या. आमची दोन नंबरची, काकांची पाच नंबरची. काका विजेच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या कारखान्यात कामाला होते. इस्त्री घ्यायची असो की टेबलफॅन, चाळीतली माणसं आधी त्यांना विचारत. त्यांचं उत्तर ठरलेलं असे : "आवाजावर जाऊ नका. फिरतं ते थोडं खातं, तापतं ते फार खातं." ऐकून आम्हाला पाठ झालं होतं, पटलं मात्र कोणालाच नव्हतं.

आमच्या ह्यांच्या कंपनीला टाळं लागलेलं. घर चालत होतं ते माझ्या इडली-डोशाच्या पिठावर. ग्राइंडर सकाळी तासभर चाले, आणि चालताना भांड्यांची मांडणीसुद्धा थरथरे. चाळीला मीटर एकच, जिन्याखाली. बिल पाचांत सारखं वाटलं जाई. दोन महिन्यांनी ते बिल एकदम फुगून आलं.

तीन नंबरच्या कदमवहिनी दारातूनच सुरू झाल्या. "पीठ विकायचं हिने आणि लाइटचे पैसे भरायचे आम्ही? वा गं वा!"

"तासाला तिसरा हिस्सा लागतो, वहिनी. काकांनी मोजलंय."

"काका काय बोर्डाचे साहेब आहेत? अख्खी चाळ हलते, आणि म्हणे तिसरा हिस्सा!"

कोणीच वाटा भरेना, तेव्हा मालक आले. म्हणाले, महिनाअखेर ग्राइंडर हलवा, नाहीतर खोली सोडा. काका जिन्यात उभे होते. "मालक, रविवारपर्यंत थांबा. सगळ्यांसमोर मोजू."

रविवारी सकाळी चाळ जिन्याखाली जमली. मालकही आले. काका मीटरसमोर उभे राहून हाका मारू लागले. "एक नंबर, सगळं बंद?" "बंद!" "दोन नंबर?" "बंद," मी म्हणाले. तीन, चार. "आता चकती थांबेल. मग सुनंदा ग्राइंडर लावेल."

चकती थांबली नाही. थांबायचं सोडाच, गरागरा फिरत होती.

"ग्राइंडर तर बंद आहे," कदमवहिनी म्हणाल्या. आवाज जरा उतरला होता.

काकांनी पुन्हा चारही खोल्यांना हाका मारल्या. पुन्हा चार वेळा "बंद". मला कळलं, आणि मला वाटतं त्याच क्षणी त्यांनाही कळलं. त्यांनी पाच नंबरला हाक मारलीच नव्हती. घड्याळ बघून त्यांनी फेऱ्या तेवढ्या पुऱ्या मोजल्या आणि मग आपल्या खोलीकडे गेले. आम्हीही मागोमाग गेलो.

मोरीच्या पडद्याआड विजेची कॉइलची शेगडी लालभडक होती. वर पाण्याचं पातेलं.

"हे कधीपासून?" काकांनी विचारलं.

काकू पदराला हात पुसत म्हणाल्या, "दोन-तीन महिने झाले, रॉकेल मिळेनासं झालं तेव्हापासून. तुम्हाला कामावरून आल्यावर कढत पाणी लागतं ना? ते कुठून येतं, कधी विचारलंत? रॉकेलच्या रांगेत एकदा तरी उभे राहिलात? जगाची चकती मोजता तेवढी!"

काका दारात आले. मालकांना म्हणाले, "तीन मिनिटांत साठ फेऱ्या. सुनंदाच्या अकरा. वाढलेलं बिल माझं आहे. तिचा ग्राइंडर राहू द्या."

त्या दिवशी जिन्यात ते मालकांसमोर गप्प बसले असते तर शेगडी कोणाला कधीच दिसली नसती. माझं पीठ मात्र बंद झालं असतं, आणि त्या वर्षी आमच्याकडे दुसरं काही नव्हतं. मालक "बरं" म्हणून गेले. कदमवहिनींनी माफीबिफी मागितली नाही. संध्याकाळी डबा पाठवून शेरभर पीठ विकत घेतलं. मी नेहमीचाच भाव लावला.

काकांनी त्या बिलातला जास्तीचा भाग दोन हप्त्यांत भरला. शेगडी विकली. सुट्टीच्या दिवशी हातात कॅन घेऊन ते रॉकेलच्या रांगेत उभे दिसू लागले. "इथे चकती नाही, नुसतं ऊन मोजायचं," म्हणत.

नंतर ते बदलापूरला खरवईत स्वतःच्या घरात राहायला गेले. नव्वद सालानंतर कधीतरी मी भेटायला गेले, तेव्हा थकले होते, पलंगावरूनच बोलत होते. काकूंचे गुडघे गेलेले. न्हाणीघरात गीझरचा लाल दिवा चालू होता. मी मुद्दाम विचारलं, "काका, किती फेऱ्या होतात?"

"तिच्या शेकायच्या पाण्याच्या मी मोजत नाही," ते म्हणाले. आतून काकू म्हणाल्या, "खोटं बोलतायत. कालच मोजल्या."

"मोजल्या. पण बंद कर म्हटलं का?"

काका गेले त्याला आता काही वर्षं झाली. माझ्याकडे तीन ग्राइंडर आहेत आणि कामाला चार बायका. बिल वाढून आलं की त्यांच्याकडे बघण्याआधी मी माझ्या घरातली बटणं बंद करते आणि मीटरसमोर जाऊन उभी राहते. आतापर्यंत दोनदा बिल माझ्याच घरात वाढलेलं निघालं.