न्देलामावशीचा अंगठा

न्देलामावशी सेनेगलमधल्या रुफिस्कच्या किनाऱ्यावर सुकी मासळी विकते. तिचा आवाज अर्ध्या बाजाराला पुरतो. मी साहित्यात पदवी घेतली, तरी तिच्यापुढे मला शब्द सुचत नाहीत.

रमझानच्या तोंडावर तिच्या उजव्या पायाचा अंगठा चिघळला. डॉक्टरीणबाई म्हणाली, "रक्तातली साखर उतरली नाही, तर अंगठा कापावा लागेल. रोजे धरायचे नाहीत."

मावशीने चहा बिनसाखरेचा केला. इंजेक्शनं चुकवली नाहीत. जखम मात्र तशीच. एकदा पाहिलं, तर ती बाजरी घातलेल्या दह्यात मूठभर साखर कालवत होती.

"मावशी!"

"ही नातलगांनी रमझानची भेट आणलेली साखर रे. आशीर्वादाची. तिने काय होतंय?"

आमच्याकडे सगळेच असं मानतात. माझी आईसुद्धा.

"रक्ताला भेट कळत नाही, मावशी."

तिने दह्याची वाटी बाजूला सारली. असं मी प्रथमच पाहिलं.

रमझानच्या तिसऱ्या आठवड्यात मावशीची सून रामातू आली. डोक्यावर साखरेच्या पुड्यांनी भरलेलं घमेलं, मागे टाळ्या वाजवणाऱ्या मैत्रिणी. सासूने ही भेट नाकारली, तर सुनेची इज्जत गेली. सगळी गल्ली दारात उभी होती.

"यंदा घमेलं हलकं दिसतंय!" रामातूच्या नणंदेने टोमणा मारला.

मावशीने घमेलं स्वतः उतरवलं. मग सगळ्यांदेखत पायाची पट्टी सोडली. कुणीतरी नाक झाकलं.

"रामातू, साखर परत ने. मला दुसरी भेट दे. रोज सकाळी येऊन ही जखम धू."

रामातू रडायला लागली. "आई, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, सासूचा पाय वाचवणारी सून आहे." ती गल्लीकडे वळली. "म्हणाल ना गं बायांनो?"

त्या आवाजापुढे नाही कोण म्हणणार? नणंदेनेही मान हलवली.

रामातू रोज आली. जखम धुवायची, बिनसाखरेचं दही पुढे ठेवायची.

"हे जेवण आहे की शिक्षा?"

"शिक्षा. गिळा, आई."

तबास्कीच्या, म्हणजे बकरी ईदच्या सणाआधी डॉक्टरीणबाईने पट्टी उघडली. आत कोरडी, गुलाबी कातडी. "अंगठा तुमचाच राहिला," ती म्हणाली.

सणाला गल्लीत ढोल वाजले. मावशी सोनेरी चपला घालून आली. अंगठ्याच्या नखाला रामातूने लाल रंग लावला होता. मावशीने उजवा पाय आधी टाकला. धूळ उडाली.

"बघत काय उभा राहिलास, पदवीवाल्या? नाच!"

मी नाचलो.