अकरा स्टुलांचं एक पान

परत आलेल्या मालाच्या टेबलावर मी नऊ वर्षं बसते आहे. आमचं दुकान ऑनलाइन. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना लागणाऱ्या वस्तू विकतं: काठ्या, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, आंघोळीला बसायची स्टुलं. आलेलं खोकं उघडायचं, माल उलटापालटा करून पाहायचा आणि सोबतच्या चिठ्ठीतलं कारण खरं की थाप ते ठरवायचं, हे माझं काम. पायांचे रबरी बूट पार झिजलेला वॉकर ‘उघडलासुद्धा नाही’ म्हणून परत आला की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. माणसांवरचा माझा विश्वास या टेबलानं बराच कमी केला आहे, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही.

मास्तर माझ्यासमोर, काचेच्या पलीकडे बसत. ते खरेच मास्तर होते. एकोणीस वर्षं शिकवलं, मग मुलं कमी झाली म्हणून त्यांची शाळाच दुसऱ्या शाळेत मिसळून टाकली, आणि पंचेचाळिशीत ते आमच्याकडे वस्तूंची वर्णनं लिहायला आले. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. कॉम्प्युटरवर लाल पेनाचं काय काम, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, “सवय आहे हो ताई. खिसा रिकामा वाटतो.”

त्यांचं काम ऐकायला सोपं आणि करायला कंटाळवाणं. आमच्याकडे आंघोळीची अकरा स्टुलं होती. लांबून पाहिली तर सगळी सख्खी भावंडं. कुणाला पाठ आहे, कुणाला हात आहेत, कुणाचे पाय स्टीलचे, कुणाचे अ‍ॅल्युमिनियमचे. माल देणारा सगळ्यांसाठी एकच परिच्छेद पाठवायचा. तो अकरा पानांवर जसाच्या तसा टाकला तर सर्चमध्ये आपली पानं मागे पडतात, असं मालकांनी कुठेतरी ऐकलं होतं. त्यामुळे हुकूम असा की एकच गोष्ट अकरा तऱ्हांनी लिहा. पहिल्या पानावर ‘मजबूत’ असेल तर दुसऱ्यावर ‘भक्कम’, तिसऱ्यावर ‘दणकट’. मग एका प्रोग्रामात ती पानं घालायची. किती टक्के मजकूर सारखा आहे ते तो सांगायचा. वीस टक्क्यांच्या खाली गेलं की हिरवा रंग यायचा आणि मालक पाठ थोपटायचे.

मास्तर हे काम कसं करत ते मी काचेतून रोज पाहायची. आधीचं चांगलं वठलेलं पान घ्यायचं, नव्या जागी चिकटवायचं आणि वाक्यागणिक शब्द फिरवत जायचं. मी चिडवायची, “मास्तर, पोरांचे कान पिळलेत ना कॉपीसाठी? आता स्वतःच बसलात करत!”

ते चिडत नसत. “उत्तर बरोबर असलं तर कॉपी कळत नाही, ताई. दोघांची चूक सारखी निघाली की पकडता येते.”

मग एकदा मास्तर चार दिवस आलेच नाहीत. मोठा भाऊ बाथरूममध्ये पडला होता, खुबा मोडला होता. हे दादा म्हणजे मास्तरांना बापाच्या ठिकाणी. आईवडील लवकर गेले, दादांनीच शिकवलं, सवरलं. मास्तर परत आले तेव्हा मी चौकशी केली. “ऑपरेशन झालं. आता पडूनच,” म्हणाले आणि कामाला लागले.

त्यानंतर दोन आठवड्यांनी ते खोकं माझ्या टेबलावर आलं. आत सात नंबरचं स्टूल, एक पाय आत वाकलेला. चिठ्ठीत सुबक अक्षर: ‘माझं वजन जास्त झालं. मालाबद्दल तक्रार नाही. मोडकी वस्तू घरात नको म्हणून परत पाठवतो आहे.’ नऊ वर्षांत असली चिठ्ठी मी पाहिली नव्हती. खोक्यावरचं आडनाव मास्तरांचं होतं.

मी स्टूल उलटं केलं. बसायच्या फळीखाली कारखान्याचा छोटा स्टिकर असतो. त्यावर होतं, कमाल वजन नव्वद किलो. मग मी आमचं पान उघडलं. तिथे होतं, एकशेतीस किलोपर्यंतचं वजन निर्धास्तपणे पेलतं.

 स्टूल उचलून मी काचेपलीकडे गेले आणि ते त्यांच्या टेबलावर उलटं ठेवलं. त्यांनी स्टिकर वाचला, चिठ्ठी वाचली, पान उघडलं. मग बाकीची दहा पानं एकामागून एक उघडली. चार नंबर, सात नंबर, नऊ नंबर. तिन्ही स्टुलं अ‍ॅल्युमिनियमची, तिन्ही पानांवर स्टीलच्या स्टुलाचा आकडा.

“सारखी चूक,” ते म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा. “शब्द सगळे बदलले, ताई. आकडा तेवढा राहिला.”

मला वाटलं, आता हा माणूस कोसळेल, रडेल, निदान उठून बाहेर तरी जाईल. त्यांनी डबा उघडला, जेवले, डबा धुऊन पालथा घातला आणि पलंगाच्या कठड्याचं अर्धवट राहिलेलं वर्णन पुरं केलं. मी काचेतून बघत राहिले. मला त्यांची दया यायला हवी होती, पण खरं सांगते, राग आला.

संध्याकाळी निघताना मात्र ते माझ्यापाशी थांबले. “मला काहीच वाटत नाहीये. वाटायला पाहिजे ना?”

मी “वाटेल,” म्हटलं.

वाटलं नाही. ते वेळेवर येत, विचारलं तेवढं बोलत, हसायच्या ठिकाणी हसतसुद्धा. फक्त कुणी हाक मारली की वळायला त्यांना जरा जास्त वेळ लागे. रोज ऑफिस सुटल्यावर दादांकडे जात. मी विचारी, “सांगितलंत?” ते नकारार्थी मान हलवत. दादांना काहीच माहीत नव्हतं. ते आपलं स्वतःच्या वजनाला दोष देऊन मोकळे झाले होते.

मालकांना मी सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “आणखी कुणाला कळलंय?” पण घाबरले असावेत, कारण दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक सल्लागार बाई बोलावल्या. बाईंनी अकरा पानं पाहिली आणि कपाळाला हात लावला. “एकाच वस्तूची अकरा पानं हवीत कशाला? एक पान करा. सारखं आहे ते एकदाच लिहा, वेगळं आहे तेवढं तक्त्यात मांडा. गिऱ्हाईक तिथेच हवं ते निवडेल. जुन्या दहा पानांचे पत्ते या नव्या पानाकडे वळवून टाका, म्हणजे जुना पत्ता उघडला तरी माणूस इथेच येईल.” मास्तरांकडे वळून त्या म्हणाल्या, “शब्द फिरवून वस्तू वेगळी होत नाही हो.” त्या बिचारीला दादांचं काही माहीत नव्हतं. मास्तरांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

पुढचे सहा दिवस आम्ही दोघं गोदामात होतो. प्रत्येक स्टूल माझ्या टेबलावर उलटं व्हायचं, मी स्टिकर मोठ्यानं वाचायची, ते लिहायचे, मग ते वाचायचे आणि मी बोट ठेवून ताडून बघायची. उंची टेपनं मोजली, स्टूल काट्यावर चढवलं. अकरा ओळींचा तक्ता झाला. इतकं नीट काम त्या इमारतीत कधी झालं नसेल.

ज्यांनी चार, सात, नऊ ही स्टुलं घेतली होती त्यांना कळवायलाच हवं, असं मी धरून बसले. मालक म्हणाले, पान काढलं की विषय संपला. मी म्हटलं, मग उद्यापासून ही खोकी तुम्हीच उघडा. तेव्हा कुठे ते वळले. मेसेज जाहिरात समजून कुणी उघडत नाही, म्हणून छापील पत्रं काढली. एकशे सतरा माणसं. आकडा आमचा चुकला, स्टूल वापरणं ताबडतोब थांबवा, बदलून देतो. सगळ्यांना एकच मजकूर, एका शब्दाचा फरक नाही.

पाठवणीच्या गठ्ठ्यात मी मोजली तर एकशे सोळा.

“एक राहिलं,” मी म्हटलं.

“ते हातानं देतो,” मास्तर म्हणाले.

नवं पान लागलं, जुनी पानं गेली. आणखी एक आठवडा गेला. ते पाकीट त्यांच्या खिशात दोन पेनांच्या मागे तसंच होतं, घामानं मऊ पडलेलं. एकदा त्यांनी आपण होऊन विषय काढला. “ताई, आता दादानं तेच पान उघडलं तर त्याला नव्वदच दिसणार. त्याला वाटेल, आपणच चुकीचं वाचलं होतं.”

माझा तोल सुटला. “मग सांगा ना! मूग गिळून किती दिवस बसणार?”

“रोज जातो सांगायला. एकटा गेलो की पाय चेपतो आणि परत येतो.”

म्हणून रविवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर गेले.

दोन खोल्यांचं घर. दार वहिनींनी उघडलं. पुढच्या खोलीतच पलंग टाकला होता. दादा म्हणजे आडवातिडवा माणूस, आजारपणातही पलंग भरून उरलेला. मी दुकानातली म्हटल्यावर त्यांना आनंदच झाला. सगळी नोकरी त्यांनी ट्रकांच्या वजनकाट्यावर काढली होती. “ड्रायव्हर शपथा घ्यायचे, साहेब, माल एवढाच आहे. मी म्हणायचो, तू बोलू नको, काटा बोलू दे.” आणि हसले.

वहिनी चहा घेऊन आल्या. “काट्याचं कौतुक सांगा! स्वतःला आकडा वाचता येत नाही ते नका सांगू.” मग माझ्याकडे वळल्या. “अहो, असल्या स्टुलावर बसलात कशाला विचारलं की यांचं एकच पालुपद, पानावर एकशेतीस लिहिलं होतं म्हणून. परवा मी तेच पान काढून यांच्या नाकासमोर धरलं. स्वच्छ नव्वद लिहिलंय! म्हटलं, आता तुम्ही वाचायचं सोडा, मी वाचून सांगत जाईन.”

“चुकलं असेल,” दादा म्हणाले. “वय झालं. डोकं पूर्वीसारखं राहिलं नाही.” उशाशी पेपर होता, घडीसुद्धा न मोडलेला. गोळ्यांच्या पाकिटांवर वहिनींनी मोठ्या अक्षरात सकाळ, दुपार लिहून ठेवलं होतं. तेव्हापासून ते काहीही वाचायला घेत नाहीत, वहिनी दबक्या आवाजात मला म्हणाल्या.

मी मास्तरांकडे पाहिलं. ते पायथ्याशी बसले होते, हात आपोआप दादांच्या पोटरीवर गेले होते. मी म्हटलं, “मास्तर, पाय राहू द्या.”

त्यांनी हात काढले. खिशातून पाकीट काढलं, पण दिलं नाही, नुसतं धरून ठेवलं.

“दादा, एकशेतीसच होतं. मी लिहिलं होतं. दुसऱ्या स्टुलाचा आकडा तसाच राहिला. नंतर आम्ही पान बदललं. तू पडलास तो माझ्यामुळे.”

वहिनींच्या हातातली बशी वाजली. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण दादा कोपरावर अर्धे उठून बसले. चेहरा असा उजळला की मला कळेना काय झालं.

“एकशेतीस होतं ना?”

“होतं.”

“बघ! ऐकलंस का तू? मी बरोबर वाचलं होतं. डोकं ठिकाणावर आहे माझं.” मग ते मास्तरांकडे वळले, तोच आनंद तोंडावर. “मला वाटलं, काहीतरी भलतंच सुरू झालं आपल्याला. अरे, मी तर स्टूल आल्या आल्या उलटं करून पाहिलं होतं. जुनी खोड. खाली नव्वद लिहिलंय, तेही वाचलं.”

“मग बसलास कशाला?” मास्तरांचा आवाज पहिल्यांदा फाटला.

दादांना प्रश्नच कळला नाही. “म्हणजे काय? पान तू लिहिलेलं. तुझी वाक्यं मी ओळखतो की. म्हटलं, यानं तपासल्याशिवाय लिहिलं नसेल. कारखानेवाल्यांचंच चुकलं असेल.”

 मास्तरांचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, डोळे पुसणं नाही, नुसते खांदे. इतक्या दिवसांत मी त्या माणसाच्या अंगात काही हललेलं पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं, असं झालं की बरं वाटेल. मला पाहवेना.

दादांनी अंगावरचं पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाले, “पुरे आता. मला खुर्चीत बसव जरा. पाठ आखडलीय.”

रोज या कामाला वहिनी आणि शेजारचे गृहस्थ असे दोघं लागत. वहिनी त्यांना बोलवायला दाराकडे निघाल्या, मीही उठले. दादांनी हातानंच आम्हाला बसा म्हटलं. मास्तर उठून पुढे आले. दादांनी दोन्ही हात त्यांच्या गळ्यात टाकले आणि अंग सोडून दिलं. पेलशील ना, असं विचारलंसुद्धा नाही.