जनकाबाईंचा स्टॅबिलायझर

अमडापुरात आमच्या गल्लीला वीज आहे, हे कागदोपत्री खरं आहे. प्रत्यक्षात संध्याकाळी बल्ब मिणमिणतो, पंखा आळोखेपिळोखे देत फिरतो, आणि शेतांतले पंप बंद झाले की तोच बल्ब डोळे वटारतो. त्यात डीपीवरची, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरची, न्यूट्रलची तार कायमची ढिली. ती सुटली की घराघरांत दुप्पट दाब शिरतो आणि जे चालू असेल ते जळून जातं. मग वायरमन दयाराम वर चढायचा, पकडीनं तारेला पीळ द्यायचा, काही दिवस निभायचं. आम्ही शिव्या द्यायचो आणि नवा टीव्ही घ्यायचो. असले आम्ही शहाणे.

या गल्लीत माझ्या शेजारच्या जनकाबाईंनी एक कॉम्प्युटर जिवंत ठेवला. कॉम्प्युटर त्यांच्या मुलाचा, प्रसेनजितचा. तो नोकरीला कोइमतूरला गेला आणि यंत्र आईच्या गळ्यात पडलं. चौथी शिकलेली बाई. तिला त्यातलं एकच कळायचं, कुठं दाबलं की गुलाबराव गातात.

गुलाबराव म्हणजे त्यांचे मालक. आयुष्यभर मजुरी केली, पण चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यांच्या गायन पार्टीला पार मेहकरपर्यंत बोलावणं असायचं. घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये आवाज जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं, तेव्हा प्रसेनजितनं रजा काढून वडिलांना मागच्या खोलीत बसवलं आणि येतील तेवढी गाणी कॉम्प्युटरमध्ये भरून घेतली. ऑपरेशननंतर घरात गुलाबराव खुणांनी बोलायचे आणि कॉम्प्युटरमधले गुलाबराव गायचे.

मी एकदा म्हटलं, "काकू, मोबाईलमध्ये घेऊन ठेवा ना."

"त्याहिले नाई चालत वं," त्या म्हणाल्या. "मोबाईलवर गेलं का साऱ्या गावात फिरते. लोकं आयकतीन आन् अरेरे करतीन. ते म्हंतात, माह्या गळ्याची कीव करत कोनी बसू नये."

'म्हंतात' म्हणजे गुलाबराव पाटीवर लिहून दाखवायचे. माणूस मोठा मानी. म्हणून गाणी त्या एका डब्यातच राहिली आणि डब्याची राखण जनकाबाईंकडे आली.

त्यांनी मुलाकडून फ्रीजचा मोठा स्टॅबिलायझर मागवला. "कॉम्प्युटरले एवढा?" म्हणून गल्ली हसली. दाब फार चढला की तो 'टक' करून वीज तोडायचा, आणि ती 'टक' ऐकून जनकाबाईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. तरीही त्यांचा त्याच्यावर पुरता भरवसा नव्हता. गाणं संपलं की पिना काढून ठेवायच्या. घरामागे अर्थिंगचा खड्डा होता, त्यात मीठ-कोळसा घालून रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतायच्या. उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार असतानासुद्धा. मी टोकलं तर म्हणाल्या, "आपन एक टाइम कमी पिऊ, काय होते?" मला राग यायचा, आणि हेवाही वाटायचा. माझ्या नवऱ्याचा घोरण्याखेरीज दुसरा आवाज मी कधी जपावा असा नव्हता.

गेल्या मे महिन्यात गुलाबराव सकाळी गेले.

प्रसेनजितला दुसऱ्या दिवशी सकाळशिवाय पोचता येत नव्हतं, आणि ऊन असं की मढं संध्याकाळपर्यंत टिकलं नसतं. चिखलीहून थंड पेटी मागवली. गुलाबरावांना आत ठेवलं, पण पेटी नुसती घुंघुं करायची. पेटीवाला म्हणाला, "व्होल्टेजच नाई बाई, मशीन उचलत नाई. स्टॅबिलायझर हाये का कोनाकडे?"

सगळे जनकाबाईंकडे बघायला लागले. त्या उठल्या, मागच्या खोलीत गेल्या आणि स्वतःच्या हातानं तो सोडवून घेऊन आल्या. कॉम्प्युटरची पिन मोकळी करून खाली ठेवून आल्या. पेटी सुरू झाली. त्या पेटीशेजारी बसल्या.

दुपारी त्यांचा पुतण्या रवी मागच्या खोलीत गेला. आमच्याकडे माणूस गेला की चौकात आदरांजलीचा फ्लेक्स लागल्याशिवाय भावकीचं कर्तव्य पुरं होत नाही, आणि फ्लेक्सला चांगला फोटो लागतो. गुलाबरावांचे हार्मोनियम वाजवतानाचे फोटो कॉम्प्युटरमध्ये होते. पोरगा गुणी, कुणाला त्रास नको म्हणून विचारलं नाही. त्यानं पिन सरळ भिंतीतल्या बोर्डात घातली.

मी माझ्या घरून चहाची किटली घेऊन दारात पोचले, तेव्हा वादळी वारा सुटला होता. पाहते तर ओसरीतला बल्ब पांढराफटक झालेला. पेटीजवळ 'टक' झालं. मागच्या खोलीतून कॉम्प्युटर सुरू होतानाचा सूर आला आणि जनकाबाई ताडकन उठल्या.

"पिना काढा! अरे पिना काढा!"

भोवतीच्या बायांना वाटलं, दुःखानं भान सुटलं. चौघींनी त्यांना कवटाळलं. "धरा वं तिले, धरा! रडू द्या!" म्हणून आणखी दोघी धावल्या. त्या हिसके देत होत्या, पायांनी लोटत होत्या; जितक्या ओरडत होत्या तितक्या बाया घट्ट धरत होत्या. मी किटली टाकून आत धावले. तोवर फट्ट झालं. दारातून धूर आला आणि मागोमाग फोटो न मिळालेला रवी.

पेटी मात्र वाचली. दयारामनं तार पिळली, स्टॅबिलायझरनं पुन्हा टक करून वीज जोडली, गुलाबराव सकाळपर्यंत थंड राहिले.

प्रसेनजित आला, बापाच्या पायाशी बसला. मग म्हणाला, "आई, न्यायच्या आधी बाबाचं एक गानं लाव. आता कोनी कीव केली तरी त्याहिले काय."

जनकाबाईंनी मागच्या खोलीतल्या काळ्या पडलेल्या डब्याकडे बोट केलं. "जयलं रे बापू," एवढंच म्हणाल्या. रवी भिंतीकडे तोंड करून हमसून रडायला लागला, तर त्यालाच जवळ घेतलं. वंदना झाली, आणि जन्मभर गाणारा माणूस गाण्याशिवाय गेला.

जलदान विधी उरकल्यावर प्रसेनजित तो डबा घेऊन अकोल्याला गेला, नंतर कोइमतूरलाही दाखवला. आतलं काही परत निघालं नाही.

आता जनकाबाई संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसतात. परवा म्हणाल्या, "अनुपमा, त्याहिचा आवाज कसा होता वं? मले सपनातबी आयकू येत नाई. तू तं याच गावातली, लहानपनापासून आयकला. म्हनून दाखव ना."

मी दोन ओळी म्हटल्या. त्यांनी डोळे मिटून ऐकल्या आणि मान हलवली.

"नाई. असा नोहोता."

मी पुन्हा म्हटल्या, जरा खालच्या सुरात. त्यांनी पुन्हा मान हलवली. रोज हेच चाललं आहे. रोज त्या माझ्या तोंडाकडे आशेनं बघतात, आणि मलाही तो आवाज आता आठवत नाही, हे त्यांना सांगायची माझी छाती होत नाही.