आईच्या बापाचे डोळे

माझ्या धाकट्या बहिणीच्या डोहाळजेवणाला मी तिच्यासाठी आलवण घेऊन आलो. लढाईचे दिवस होते. नवं कापड परवान्याशिवाय मिळत नसे, म्हणून बायकोचं एक विटलेलं लुगडं रंगाऱ्याकडे हिरवं करायला टाकलं होतं आणि ते आणायचं काम माझ्याकडे होतं. रंगाऱ्याच्या अंगणात दोरीवर दोन लुगडी वाळत होती, जवळ कुणी नव्हतं. मी त्यांतलं एक उचललं, घडी केली आणि घरी येऊन जमलेल्या सवाष्णींसमोर ऐटीत उलगडलं. ते पलीकडच्या गल्लीतल्या एका विधवा बाईंचं तांबडं आलवण होतं. आईनं ते माझ्या हातातून ओढून घेतलं. बायको हळूच म्हणाली, "अहो, चेष्टेला काही सुमार?" चेष्टा कुठे झाली हेच मला कळेना. हिरवं आणायला सांगितलं होतं आणि मला तरी ते हिरवंच दिसत होतं.

आलवण परत करायला गेलो तेव्हा रंगाऱ्याची बायको समोर आली; तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत. नगरात तिला सगळे हातांवरून ओळखत. रंगांची सरमिसळ होऊ नये म्हणून ती डावा हात तांबड्या हंड्यात घाली आणि उजवा हिरव्या. त्यामुळे एक हात कोपरापर्यंत लाल आणि दुसरा कोपरापर्यंत हिरवा झाला होता, असं लोक म्हणत. मला दोन्ही हात सारखेच मळलेले दिसत. पण तिच्यासारख्या कष्टाच्या बाईबद्दल असं बोलू नये म्हणून मी कधी बोललो नव्हतो.

खाला रागावली नाही. तिनं खुंटीवरच्या सुताच्या दोन लडी काढून माझ्यापुढे धरल्या.

"भाऊ, यातली मिरचीच्या रंगाची कंची आन् पाल्याच्या रंगाची कंची?"

मी एक दाखवली. तिनं हात पाठीमागे नेऊन लडी पुन्हा पुढे धरल्या. मी तितक्याच खात्रीनं मिरचीची म्हणून दुसरी दाखवली. खालानं लडी खुंटीवर परत अडकवल्या आणि विचारलं, "तुमच्या आईचा बाप काय करीत हुता?"

मला वाटलं, आता माझ्या आजोबांपर्यंत उद्धार होणार. पण विचारलंच आहे तर सांगितलं. आजोबा पुणतांब्याचे, गोदावरीकाठी शेती. सांगता सांगता आठवलं की मिरच्यांच्या तोडणीला आजी त्यांना वावरात पाऊल टाकू देत नसे. पिकल्या मिरच्या तोडायला सांगितल्या की ते हिरव्याही पाटीत टाकत. आम्ही नातवंडं त्यांना हसत असू.

"मग आता त्यांची माफी मागा," खाला म्हणाली. "त्यांचेच डोळे हायेत तुमच्याकडं. माझ्या बापाचेबी आसेच हुते. रंगाऱ्याचा रंगारी, आन् लाल-हिरवं कळत न्हाई. माझी आई पडद्याआडून सांगायची आन् हा हंडा ढवळायचा. लोकं म्हनायची, काय रंग हाय ह्याचा." मग तिनं आवाज खाली आणला. "हे बापाकडनं लेकीकडं येतं, भाऊ. तिच्यात निजतं. तिला सगळं चांगलं दिसतं. आन् तिच्या लेकात जागं हुतं."

आमच्या घरी वंशावळीचा एक लांबलचक कागद आहे. पाटावर ठेवून आम्ही तो दसऱ्याला पूजतो. त्यात एकही बाई नाही. बापाखाली मुलगा, मुलाखाली त्याचा मुलगा, अशी नीट उतरंड. शाळा न पाहिलेल्या या बाईनं चार घरांतली पोरं न्याहाळून त्या कागदावर नसलेली वाट शोधून काढली होती. पुढे बऱ्याच वर्षांनी एका डॉक्टरांनी जाड इंग्रजी पुस्तक उघडून मला हेच समजावलं. मी "हो का?" म्हणालो. सगळं ठाऊक आहे म्हणालो असतो तर कुणी शिकवलं ते सांगावं लागलं असतं, आणि डॉक्टरांचा हिरमोड झाला असता.

हे सगळं खालानं मला सांगितलं, पण आपल्या नवऱ्याला सांगितलं नव्हतं. त्याला सगळे उस्ताद म्हणत. त्यांना दोन मुलं. थोरला रशीद विशीतला, आणि धाकटी हमीदा, तिचं लग्न काष्टीच्या एका रंगाऱ्याच्या घरात जुळत आलं होतं. रशीदकडे त्याच्या आजोबांचे डोळे आले होते. तो सांगे, "अब्बा, मला दिसत न्हाई." उस्तादला ते कामचुकारपणाचं सोंग वाटे. लढाईमुळे परदेशी रंग दुर्मिळ झाले होते, एक हंडा बिघडला की महिन्याचा रंग वाया. उस्तादनं शेवटी बजावलं होतं की आता एक जरी हंडा बिघडला तर पोराला घराबाहेर काढीन.

मी म्हणालो, "खाला, मग सांगून टाका ना. पोराचा दोष नाही एवढं तरी त्यांना कळू द्या."

"तुमाला सांगायला काय, भाऊ. तुमचं पोट लेखनीवर हाय. मी तोंड उघडलं तर काष्टीवाले इचारतील, नातवाचं काय. रंगाऱ्याच्या घरात आसली सून कोन घील? पोराचं खरं बोलले तर पोरगी बसून ऱ्हाईल. पोरीसाठी गप ऱ्हायले तर पोरगं घराबाहेर."

मग मी शहाणपण शिकवणं बंद केलं आणि माझ्या लुगड्याची चौकशी केली.

काष्टीची मंडळी सुपारी फोडायला आली त्या दिवशी मीही होतो. आमच्या घरात आता मला कुणी कापडाला हात लावू देत नसे; रंगाऱ्याकडे मात्र खाला स्वतः घडी हातात देई, म्हणून तेवढं काम माझ्याकडे राहिलं होतं आणि मी तिथे वरचेवर असे. मंडळी सतरंजीवर बसली. चहाच्या बशा आल्या. तेवढ्यात रशीद मागच्या अंगणातून एक ओला फेटा घेऊन आला, वाळत घालू का विचारायला. एका लग्नाचे वीस लाल फेटे रंगायचे होते. त्यानं वीसच्या वीस हिरव्या हंड्यात बुडवले होते.

उस्ताद उठला. दाराशी टेकवलेली हंडा ढवळायची काठी त्यानं उचलली. खाला दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"मारो नको," ती म्हणाली. पुढचंही ती त्यांच्या घरातल्या बोलीत बोलली, ते मी आपल्या मराठीत सांगतो. "पोरगं खोटं बोलत नाही. त्याला दिसत नाही. हे डोळे माझ्या बापाचे आहेत, माझ्यातून त्याला आले." मग ती पाहुण्यांकडे वळली. "आणि तुम्हीही ऐका. हमीदाला सगळं दिसतं. पण तिच्या पोटी मुलगा आला तर त्याचं असं होईल, किंवा नाही होणार. मला ठाऊक नाही. मी लपवलं असं मात्र म्हणू नका."

काष्टीच्या म्हाताऱ्यानं उचललेली बशी तशीच खाली ठेवली. "बघतो" म्हणाला. मंडळी चपला घालून गेली. चहा तसाच राहिला.

पुढे मी एकदा तिला म्हणालो की त्या दिवशी तुम्ही फार धीर दाखवलात. तिनं मला थांबवलं. "काठी जिकडं पडत हुती तिकडं धावले, भाऊ. पोरीवर पडत आसती तर गप बसले आसते. ह्यात कसला आलाय धीर." उस्ताद तिच्याशी दोन महिने बोलला नाही. पण त्यानं काठी पुन्हा उचलली नाही. हमीदा रडली असेल तर ते कुणाला दिसलं नाही. आठवड्याभरानं ती हंड्याशी उभी राहिली. भाऊ ढवळायचा आणि ही नखावर थेंब घेऊन, बोट उन्हात धरून सांगायची, आता काढ. दोन वर्षांनी तिला मालमोटार चालवणारा नवरा मिळाला. त्यालाही खालानं आधीच सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "पोराला रस्ता दिसंल ना?" दिसेल म्हटल्यावर तो म्हणाला, मग झालं.

लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी खाला तापानं गेली. मी फिरतीवर होतो, पाथर्डीकडे. परत आलो तेव्हा सगळं उरकलं होतं. भेटायला गेलो तर रशीद एवढंच म्हणाला, "अम्मीनं मला खोटा पडू दिलं न्हाई."

मला मुलगा आहे, त्याला रंग चोख कळतात. माझ्याकडून त्याला फक्त नाक मिळालं आणि तेवढी शिक्षा पुरेशी आहे. पण कुसुम माझी लेक आहे. गेल्या साली तिला बघायला पुण्याची मंडळी आली. मुलगा कापडाच्या पेढीवर. बायकोनं आठ दिवस साखर वाचवून शिरा केला होता. मंडळींनी शिरा खाल्ला, दुसऱ्यांदा मागून घेतला, कुसुमचं शिवण पाहून झालं, पत्रिकेचं बोलणं झालं. मी चार वेळा घसा खाकरला. पाहुणे उठून कोट घालू लागले तेव्हा म्हणालो, "एक सांगायचं राहिलं." आणि माझ्या डोळ्यांचं, आजोबांच्या मिरच्यांचं, पुढे होणाऱ्या नातवांचं सगळं उभ्या उभ्याच सांगितलं. मुलाच्या वडिलांनी चष्मा पुसला. "कळवतो," म्हणाले. त्याचा अर्थ काय होतो ते मलाही समजतं.

ते गेल्यावर मी ओसरीवर बसून राहिलो. कुसुम सतरंजी गुंडाळत होती. बायको रिकाम्या बशा एकात एक ठेवत होती. मला वाटलं, आता रागावेल. नाहीतर, बरं केलंत, असं म्हणेल. ती बशा घेऊन आत निघाली आणि दारात थांबून म्हणाली, "सांगितलंत ते ठीकच झालं. पण खालानं शिऱ्याच्या आधी सांगितलं असतं."